भाडेकरू, घरमालक आणि सरकार

गाडी भाड्याने ठरविणारा मनुष्य गाडीवानास जे पैसे देतो, त्यात बैलांची वैरण, चाकाचे वंगण आणि गाडीवानाची मजुरी ही तिन्ही आली, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. भाडे अधिक वाटले तर प्रवासी घासाघीस करतो. परंतु वंगणापुरते पैसे कापून घ्यावेत आणि आस तसाच कोरडा चालू द्यावा, असे कोणी शहाणा म्हणत नाही. गाडी वाटेत मोडली तर पायी चालण्याची पाळी आपल्यावरच येणार, हे तो जाणून असतो. घरभाड्याच्या बाबतीत मात्र ह्या साध्या व्यवहाराचा आपल्या शहरांस, आणि त्यातही मुंबईस, कित्येक दशके विसर पडला. भाडेकरूने भाडे किती द्यावे ह्याचा खल विधिमंडळात, न्यायालयात आणि चाळीच्या गॅलरीत अखंड चालला. त्या भाड्यातून छपराची कौले कोणी परतावयाची, हा विचार मागे पडला.

भाडेकरूस साह्य करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ह्याविषयी सुशिक्षितांत आता फारसा मतभेद उरलेला नाही, आमचाही नाही. ज्याच्यापाशी जमीन नाही व ती घेण्याचे सामर्थ्यही नाही, अशा माणसास केवळ बाजारभावाच्या हवाली करून मोठे शहर चालत नाही. प्रश्न इतकाच की, हे साह्य कोणाच्या खिशातून, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या देखरेखीखाली व्हावयाचे. ह्या प्रश्नांची उत्तरे भाडेकरू, घरमालक आणि सरकारी संस्था ह्या तिघांच्या जबाबदाऱ्यांत सापडतात. मुंबईच्या गेल्या सव्वाशे वर्षांचा वृत्तान्त पाहिला असता आम्हांस असे दिसते की, पिढ्यान्‌पिढ्या साह्याचे कायदे झाले आणि त्यांचा हेतू बहुधा चांगलाच होता. पण दर वेळी तिघांपैकी कोणाची तरी जबाबदारी लिहावयाची राहून गेली, आणि त्या राहिलेल्या कलमाची किंमत अखेर घराने दिली. तो वृत्तान्त वाचकांपुढे क्रमाने मांडावा, असा आमचा विचार आहे.

मुंबईत १८५४ नंतर कापडाच्या गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि कोकण व घाटावरून माणसांचा ओघ सुरू झाला. ह्या माणसांकरिता ज्या चाळी बांधल्या गेल्या, त्यांपैकी बहुतेक खासगी मालकांच्या होत्या. त्या काळी मालक आणि भाडेकरू ह्यांच्यामध्ये तिसरे कोणी नव्हते. मालकास भाडे वाढविण्याची मोकळीक होती आणि भाडेकरूस खोली सोडून जाण्याची. परंतु दुसरी खोली मिळण्याची मारामार असताना ह्या दुसऱ्या मोकळिकीचे मोल किती, हे सांगावयास नको. एका खोलीत एकाहून अधिक कुटुंबे राहत, सामाईक संडास आणि एकच नळ ह्यांवर सारा मजला भागवीत असे.

ह्या व्यवस्थेचा निकाल १८९६ च्या प्लेगने लावला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगश ह्या मूळच्या गोमंतकीय वैद्याने रोगाचे निदान केले, आणि शहरातील दाटी हा केवळ गरिबांचा प्रश्न नसून साऱ्या व्यापाराचा प्राणप्रश्न आहे, हे सरकारच्या ध्यानी आले. १८९८ साली कायदा करून मुंबई सुधार विश्वस्त मंडळ, म्हणजे लोकांच्या तोंडचा 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते त्याने काढले; दादर, माटुंगा व शीव ह्या उपनगरांची आखणी त्यानेच केली. शहरास हवा मिळाली ह्यात शंका नाही. परंतु गलिच्छ वस्ती पाडणे जितके जलद झाले, तितके त्या वस्तीतील माणसांस घर देणे झाले नाही. उठविलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीत शिरली आणि तेथील दाटी वाढली. नव्या उपनगरांत पांढरपेशा कुटुंबे राहावयास गेली. येथे संस्था होती, तिच्यापाशी अधिकार होता व पैसाही होता. पण जो भाडेकरू पुढे करून हे सर्व उभारले गेले, त्याच्याशी तिचे बांधलेले असे काहीच नव्हते.

ह्यानंतर कायद्याचे जे वळण मुंबईस लागले, त्याचा उगम स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी आहे. पहिल्या महायुद्धात तेथे जहाजे आणि दारूगोळा ह्यांच्या कारखान्यांत मजुरांची गर्दी झाली आणि घरमालकांनी भाडी वाढविली. कर्ते पुरुष रणांगणावर अथवा कारखान्यात. तेव्हा घरी असलेल्या बायकांनी १९१५ साली भाडे न देण्याचा संप पुकारला. त्यांच्या पुढाऱ्यांत मेरी बार्बर ह्यांचे नाव अग्रभागी आहे. जप्तीचे कारकून जिन्यावर येताच घंटा वाजवावी आणि सारी आळी गोळा व्हावी, असा त्यांचा क्रम असे. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी हजारोंचा जमाव न्यायालयापुढे उभा राहिला, आणि पुढल्याच महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटने घरभाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठविणारा कायदा केला.

ह्या कायद्याच्या नावातच एक गोष्ट आहे, तिकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तो केवळ भाड्याचा कायदा नव्हता. भाडे आणि गहाणावरील व्याज ह्या दोहोंस आळा घालणारा तो कायदा होता. मालकाने घर कर्ज काढून बांधलेले असते, सावकाराने व्याज वाढविले तर मालक ते भाडेकरूवरच लादणार, हे ओळखून भाड्याबरोबर व्याजही बांधून टाकले होते. शिवाय १९१९ च्या दुसऱ्या कायद्याने नगरपालिकांस सरकारी साह्य देऊन नवी घरे बांधावयास लाविले. म्हणजे एका हाताने भाडे रोखले, तर दुसऱ्या हाताने घरांचा पुरवठा वाढविला. आमच्याकडे १९१८ साली मुंबई सरकारने युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा केला तो ह्याच धर्तीवर. तो तात्पुरता होता. भाडेकरूस त्याने दिलासा दिला हे खरे. परंतु लढाई संपली तरी महागाई आणि घरांची टंचाई संपली नव्हती.

टंचाई दूर करण्याचा मोठा प्रयत्न गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड ह्यांच्या कारकिर्दीत झाला. १९२० साली 'डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. पन्नास हजार खोल्या बांधावयाच्या असा संकल्प सोडला गेला. कर्जरोखे विकले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षात वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाईल रोडवर ३२ आणि शिवडीस १२, अशा एकंदर २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी. येथे सरकार स्वतःच घरमालक झाले, आणि खर्च भरून निघेल इतके भाडे घेतले तर मजूर येणार नाही, म्हणून तोटा सोसून भाडे कमी ठेवणे भाग पडले. तरीही प्रारंभी कित्येक खोल्या ओस होत्या, कारण वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर, आणि सिमेंटच्या त्या भिंती राहणाऱ्यांच्या सवयीचा विचार न करता उभारलेल्या. भाडेकरूस काय हवे हे न विचारता केलेले साह्य रिकामे पडून राहते, हा धडा सरकारने तेथे पैसे मोजून घेतला.

तथापि ह्या चाळींच्या बाजूने एक गोष्ट नमूद केली पाहिजे. तेथे मालक कोण, दुरुस्ती कोणाची, हा वाद कधी निघाला नाही. दुरुस्ती उशिरा होई, अपुरी होई, पण जबाबदार कोण हे ठरलेले होते. शंभर वर्षांनी त्या चाळी पाडून नव्या इमारती बांधण्याचे काम सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाकडे आले आणि १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले. वरळीच्या पहिल्या रहिवाशांस ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. ज्या इमारतीचा जबाबदार धनी ठाऊक असतो, तिचा प्रश्न सुटावयास वेळ लागला तरी सुटण्याचा मार्ग असतो.

खासगी इमारतींची गोष्ट निराळी. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली, आणि पुन्हा १९४४ साली, भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. पुढे फाळणी आली, निर्वासितांचे लोंढे आले, आणि १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. ह्या कायद्याचे मर्म दोन गोष्टींत होते. पहिली, १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल ते सामान्यतः 'प्रमाण भाडे' समजावयाचे, आणि त्याहून अधिक घ्यावयाचे नाही. दुसरी, जो भाडेकरू हे भाडे देतो अथवा द्यावयास राजी आहे, त्यास कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून घराबाहेर काढता यावयाचे नाही.

ह्या दोन आधारांवर दोन पिढ्यांचे आयुष्य उभे राहिले, हे मान्य केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. गिरगाव, परळ, दादर येथील कारकून, शिक्षक, कंपॉझिटर आणि गिरणीकामगार ह्यांना पुढल्या महिन्यात बिऱ्हाड हलवावे लागेल ही धास्ती राहिली नाही. मुले एकाच शाळेत शिकली; चाळीचा गणपती, वाचनालय, व्यायामशाळा ह्या संस्था टिकल्या. पु. ल. देशपांडे ह्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली ती ह्याच स्थैर्यातून. दर वर्षी बिऱ्हाड बदलणाऱ्यांची अशी चाळ होत नाही. भाडेकरूस मिळालेले हे साह्य खरे होते.

परंतु ते कोणी दिले? सरकारच्या तिजोरीतून एक पैसाही गेला नाही. साह्याची आज्ञा सरकारची, पुण्य सरकारचे, आणि खर्च सर्वस्वी घरमालकाचा. प्रारंभी हा खर्च लहान होता. महागाईबरोबर तो वाढत गेला. समजा, १९४० साली एका खोलीचे भाडे दहा रुपये होते. त्या दहा रुपयांत तेव्हा गवंडी अनेक दिवस राबला असता. तीस वर्षांनी त्याच दहा रुपयांत तो एक दिवसही भिंतीस हात लावीना. घर चांगल्या स्थितीत राखणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे कलम ह्याच कायद्यात होते. मालकाने हयगय केल्यास नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि तो खर्च भाड्यातून वळता करून घ्यावा, अशी सोयही होती. पण वळता करावयाची रक्कम भाड्याच्या एका लहानशा अंशापुरती मर्यादित. आणि जेथे मूळ भाडेच नाममात्र, तेथे त्याच्या अंशाने कोणती तुळई बदलणार?

मग जे होणार ते झाले. मालकाने दुरुस्ती सोडली. त्यांपैकी काही धनाढ्य होते आणि इमारत कोसळण्याचीच वाट पाहत होते. पण काही जण एकाच लहान घरावर उपजीविका करणाऱ्या विधवा, वृद्ध अथवा धर्मादाय संस्थाही होत्या, हे विसरून चालणार नाही. कायद्याने दोघांस एकाच मापाने मोजले. भाडेकरूंतही तोच प्रकार. हातावर पोट असलेला कामगार आणि भर बाजारातील पेढीवाला ह्या दोघांस एकच संरक्षण मिळाले. खुले भाडे गोठले तेव्हा पडद्याआडची पागडी वाढली. पागडी घेणे हा कायद्याने गुन्हा होता, आणि घेतल्या-दिल्यावाचून खोली मिळत नव्हती. ज्याच्यापाशी पागडीची रक्कम नाही अशा नव्याने आलेल्या माणसास साह्याच्या ह्या साऱ्या कायद्याचा उपयोग शून्य. भाड्याने देण्यासाठी घर बांधावयास कोणी धजेना. १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटांचा कायदा झाला तो बांधकामाचा ओघ कोणीकडे वळला हे दाखवितो. गरीब नवागताने झोपडपट्टीचा रस्ता धरला. झोपड्यांची कारणे अनेक आहेत. हे त्यांपैकी एक होते, इतकेच आमचे म्हणणे आहे.

पावसाळ्यात जुन्या इमारती कोसळू लागल्या, तेव्हा सरकारास तिसऱ्या पक्षाची आठवण झाली. १९६९ च्या कायद्याने मुंबई बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसविला आणि दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण केले. उपकरप्राप्त इमारती १९,६४२ भरल्या; त्यांपैकी १६,५०२ ह्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, १,४८९ त्यानंतरपासून १९५० अखेरपर्यंतच्या, आणि १,६५१ ह्या १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ ह्या काळातील. उपकराच्या जोडीस सरकार व महानगरपालिका ह्यांचे अंशदान असे. १९७६ च्या कायद्यानुसार पुढल्या वर्षी 'म्हाडा' स्थापन झाली आणि हे मंडळ तिच्यात आले.

कल्पना योग्य होती: साह्याचा काही भार समाजाने उचलावा आणि घराची देखभाल करणारी एक संस्था असावी. मंडळाने हजारो इमारतींस टेकू दिले, तुळया बदलल्या, काही नव्याने बांधल्या. ते काम झाले नसते तर किती माणसे दगावली असती, ह्याची कल्पनाही करवत नाही. परंतु कलमांतील पोकळी येथेही राहिली. मंडळ दुरुस्ती करते म्हणून मालक पूर्ण मोकळा झाला. मालक काही करीत नाही आणि उपकर तर आपल्याकडूनही जातो, म्हणून भाडेकरूने 'आता मंडळाने पाहावे' असे म्हटले. आणि मंडळाच्या खर्चास दर चौरस मीटरमागे मर्यादा असल्यामुळे त्याने पुष्कळदा टेकूवर काम भागविले. इमारत धोकादायक ठरली की रहिवाशांस संक्रमण शिबिरात पाठवावयाचे. पण परतीची तारीख कोणी लिहून देईना. शिबिरात गेलेल्या कित्येकांची एक पिढी तेथेच सरली. मग दुसऱ्या इमारतीतील रहिवाशाने नोटीस मिळूनही खोली सोडली नाही, तर त्यास केवळ हट्टी म्हणून कसे चालेल?

१९८६ साली आणखी एक पाऊल पडले. उपकरप्राप्त इमारतीतील सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करण्याचे ठरविल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला देऊन इमारत संपादन करता यावी, अशी तरतूद झाली. शंभरपट हा शब्द मोठा दिसतो. पण जे भाडे १९४० साली गोठले त्याची शंभरपट म्हणजे काय, हे वाचकांनीच ताडावे. मालकांनी ह्यास आव्हान दिले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने असा निर्णय झाला की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीत मोडते असे सरसकट म्हणता येणार नाही. तत्पूर्वी डिसेंबर १९९७ मध्ये त्याच न्यायालयाने भाडे गोठविणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्या आहेत, असे स्पष्ट म्हटले होते. मात्र कायद्याची मुदत लौकरच संपणार असल्यामुळे तो रद्द न करता नवा करण्यास विधिमंडळास अवसर दिला.

तो नवा कायदा म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि मुंबई, विदर्भ व मराठवाडा ह्या तिन्ही भागांतील निरनिराळे कायदे त्याने एक केले. भाड्यात दर वर्षी चार टक्के वाढ करण्यास त्याने मुभा दिली. बँका आणि मोठ्या भांडवलाच्या कंपन्या ह्यांना संरक्षणाबाहेर काढले. पागडीसही कायद्याची मान्यता दिली. साह्य गरजूपुरते असावे हे तत्त्व प्रथमच कागदावर आले. परंतु चार टक्के कशावर? गोठलेल्या दहा रुपयांवर पहिल्या वर्षी चाळीस पैसे. पन्नास वर्षांची थकलेली दुरुस्ती ह्या चाळीस पैशांत होण्यासारखी नव्हती. तेव्हा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी चौथा पक्ष, विकासक, ह्यास अधिक चटई क्षेत्राचे आमिष दाखवून बोलाविण्यात आले. जेथे जमीन सोन्याची होती तेथे तो आला. अरुंद गल्लीतील लहान इमारतीकडे फिरकला नाही.

ह्या साऱ्या अनिश्चिततेची किंमत माणसांनी मोजली आहे. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळ जी इमारत पडली आणि ६१ माणसे मेली, ती महानगरपालिकेच्याच मालकीची होती व तीत तिचेच नोकर राहत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील इमारत कोसळून ३३ जण गेले. तिचा पुनर्विकास ठरलेला होता, काही कुटुंबे आधी हलली होती, काही राहिली होती. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत इमारत पडली, तेव्हा ढिगारा उपसला जात असतानाच पडलेला भाग कोणाच्या यादीतील, हा वाद सुरू झाला. पहिल्या प्रसंगी मालक स्वतःच सरकारी संस्था, दुसऱ्यात सारेच पक्ष हजर पण काम अपुरे, तिसऱ्यात जबाबदारीचा धनीच निश्चित नाही. घर कोसळते ते एकाच्या दुष्टपणाने क्वचित. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखविल्याने पुष्कळदा.

ह्यास तोड काय? अमेरिकेने १९७४ च्या कायद्याने जी पद्धत स्वीकारली, ती येथे सांगण्यासारखी आहे. गरीब कुटुंबाने खासगी घर भाड्याने घ्यावे, आपल्या उत्पन्नाचा सुमारे तीस टक्के हिस्सा भाड्यापोटी द्यावा, आणि उरलेले भाडे स्थानिक गृहसंस्थेने सरकारी निधीतून थेट मालकास पोचवावे, अशी ही योजना. तीत तिघांची कर्तव्ये लेखी असतात. भाडेकरूने उत्पन्न खरे सांगावे, तपासणीस दार उघडावे, पोटभाडेकरू ठेवू नये, घराची नासधूस करू नये. मालकाने घर राहण्यायोग्य राखावे आणि ठरल्याहून अधिक पैसे गुपचूप मागू नयेत. संस्थेने घर आधी तपासावे, पुढेही वेळोवेळी तपासावे, आणि दोष दुरुस्त न झाल्यास आपला हिस्सा थांबवावा; तो हिस्सा थांबला म्हणून भाडेकरूकडे त्याची मागणी करता येत नाही. ही पद्धत निर्दोष नाही. निधी अपुरा असल्यामुळे पात्र कुटुंबे वर्षानुवर्षे रांगेत उभी असतात, आणि कित्येक मालक अशा भाडेकरूस दारातूनच परत पाठवितात. पण एक गोष्ट तीत आहे जी मुंबईच्या कायद्यांत राहिली: भाडेकरूस जितके साह्य मिळते, तितके पैसे कोणी तरी घरास देतो, आणि देणारा घर पाहून देतो.

आपल्याकडेही ह्या दिशेने विचार चालू झाला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने राज्यांपुढे आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना ठेवला. त्याच्या अनुसूचीत मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींचा रंग, नळाच्या व विजेच्या तारांच्या मुख्य जोडण्या ही कामे मालकाची. तोट्या बदलणे, मोरी साफ ठेवणे, बटणे, कड्या-कुलुपे व काचा पाहणे ही भाडेकरूची, अशी वाटणी आहे. यादी किरकोळ वाटेल; पण अशा किरकोळ यादीअभावीच चाळीचाळींतून भांडणे झाली आहेत. महाराष्ट्रानेही जुन्या इमारतींबाबत २०२० साली म्हाडाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २०२२ मध्ये तीस राष्ट्रपतींची संमती मिळाली: धोकादायक इमारतीच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव आणण्यास आधी मालकास सहा महिने, त्याने न आणल्यास रहिवाशांस सहा महिने, तेही न झाल्यास मंडळाने काम हाती घ्यावे. जबाबदारी कोणाची, कोणत्या दिवसापर्यंत, आणि त्यानंतर कोणाची, हे क्रमाने लिहिण्याची रीत आम्हांस योग्य वाटते.

काही वाचक म्हणतील की, गरिबास भाडे परवडत नाही तेथे हा हिशेब मांडणे निष्ठुरपणाचे आहे. आम्ही उलट म्हणतो. ज्यास परवडत नाही त्याचे भाडे समाजाने द्यावे, उघडपणे द्यावे, आणि करातून द्यावे. ते एका घरमालकाच्या माथी मारले तर तो ते घराच्या माथी मारतो, आणि घर शेवटी त्या गरिबाच्याच माथ्यावर पडते. दुसरे कोणी म्हणतील की, बाजारास मोकळे सोडावे म्हणजे सर्व सुरळीत होईल. १८९६ पर्यंत तो मोकळाच होता, हे आम्ही वर सांगितले आहे.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण आज भाडेकरू आहेत, कित्येक मालक आहेत, आणि पुष्कळांच्या कुटुंबांत दोन्ही आहेत; गावचे घर भाड्याने दिलेले आणि शहरात स्वतः भाड्याने राहणारे. त्यांस आमचे सांगणे थोडकेच. करारावर सही करण्यापूर्वी भाड्याच्या आकड्याइतक्याच काळजीने दुरुस्तीचे कलम वाचावे. ते नसेल तर घालून घ्यावे. मालकाने मिळालेल्या भाड्यातील एक हिस्सा घराच्या नावे बाजूस ठेवावा. भाडेकरूने गळती दिसताच लेखी कळवावे आणि तपासणीस येणाऱ्यास अडवू नये. आणि निवडणुकीच्या दिवसांत जो कोणी भाड्याच्या सवलतीचे आश्वासन घेऊन दारी येईल, त्यास पाण्याचा पेला पुढे करून एवढेच विचारावे: बाबा रे, ही सवलत तू देणार, ती घेण्यास आमची हरकत नाही, पण जिन्याच्या त्या कुजलेल्या पायरीचे पैसे कोणाच्या खाती लिहिले आहेस?